उजव्या कोपऱ्यातला रेशमी तंतू

कुमुशाय : मायक्रोस्कोपमध्ये वरच्या उजव्या कोपऱ्यात बघ. कांद्याच्या पेशीच्या भिंतीला चिकटून नाही, भिंतीपासून केसभर आत. एक तंतू आहे. एका टोकाला जाडसर, दुसऱ्या टोकाला निमुळता, आणि मध्ये जरासा वाकलेला, थंडीत माणूस पाय पोटाशी घेतो ना, तसा. आयोडीन टाकलं तर केंद्रक पिवळं झालं, भिंती पिवळ्या झाल्या, हा मात्र राखाडीचा राखाडीच. दिसला?

जिबेक : हो, एजे.

कुमुशाय : इतक्यात?

जिबेक : सवय झालीय आता.

कुमुशाय : छान. मग त्याचा फोटो काढ आणि ताश्कंदला पाठवून दे. परिषदवाले आज शेवटचा दिवस म्हणतात. आयुष्यभर मी हाताने चित्रं काढून पाठवली, कुणाला शंका आली नाही. आता म्हणे फोटो हवा.

जिबेक : फोटो काढलाय, एजे. सकाळपासून काढतेच आहे.

कुमुशाय : मग अडलंय कुठे?

जिबेक : तो येत नाही.

कुमुशाय : कोण?

जिबेक : तंतू. बाकी सगळं येतं. भिंती येतात, केंद्रक येतं. काचेवर कुरुतचा, त्या सुक्या दह्याच्या गोळीचा चुरा पडला होता, तोसुद्धा आला. तंतू तेवढा येत नाही.

कुमुशाय : कुरुतचा चुरा माझाच असणार. कॅमेरा आजच आलाय ना?

जिबेक : काल.

कुमुशाय : तेच म्हणते मी. रानकांद्याचा पापुद्रा वाचायला माझी निम्मी हयात गेली आणि हा एका दिवसात शिकणार? त्याला चहा पाज, दोन तळलेले बोरसोक खायला घाल, जरा रुळू दे. मग दिसेल त्याला.

जिबेक : एजे, एक करून बघायचं का?

कुमुशाय : काय?

जिबेक : खालची तबकडी फिरवायची. म्हणजे काच फिरेल, काचेबरोबर पेशी फिरतील, पेशींबरोबर तंतू फिरेल. मग मला कळेल कॅमेरा नेमका कुठे रोखायचा.

कुमुशाय : हे बरं सुचलं तुला. फिरव. हळू. हळू म्हटलं की हळू, ट्रॅक्टर चालवतेस का? हं. पेशी फिरल्या. केंद्रक तिकडे गेलं.

जिबेक : आणि तंतू?

कुमुशाय : तंतू उजव्या कोपऱ्यात.

जिबेक : अजून?

कुमुशाय : अजून. अख्खी वस्ती उठून गेली, हा एकटा अंगणात बसून आहे. फारच मानी दिसतो.

जिबेक : दुसरी काच ठेवू? बाजारातल्या साध्या कांद्याची?

कुमुशाय : ठेव. त्यात नसणारच. हा फक्त सूसामीरच्या दरीतल्या रानकांद्यात असतो, निबंधाचं शीर्षकच ते आहे. आण इकडे… अगं!

जिबेक : काय झालं?

कुमुशाय : आहे! बाजारातल्या कांद्यातही आहे! जिबेक, हे तर फारच मोठं निघालं. शीर्षक बदलावं लागणार. सगळ्या कांद्यांत आहे आणि जगात कुणाच्या लक्षात आलं नाही!

जिबेक : एजे, आता रिकामी काच.

कुमुशाय : रिकामी कशाला?

जिबेक : ठेवून तर बघू.

कुमुशाय : रिकाम्या काचेत काय बघायचं असतं, बाई? ठेव, तुझं समाधान होऊ दे.

जिबेक : ठेवली.

कुमुशाय : यातही आहे.

जिबेक : एजे?

कुमुशाय : पुसली होतीस?

जिबेक : स्पिरिटने.

कुमुशाय : मग काचेलाही जीव असतो, असं लिहायला घेऊया. वरचं भिंग काढ. पूस. उलटसुलट फिरवून परत बसव.

जिबेक : बसवलं.

कुमुशाय : उजवा कोपरा. आता बोलू नकोस. मी मान जराशी डावीकडे नेते. हं. हाही डावीकडे आला. आता उजवीकडे. हाही उजवीकडे. अगदी पाळलेल्या कुत्र्यासारखा. म्हणजे कांदा नाही, काच नाही, भिंग नाही. बाकी काय राहिलं?

जिबेक : दिवा राहिला.

कुमुशाय : दिव्याला मान नसते, जिबेक. मान मला आहे.

जिबेक : चहा ओतू का?

कुमुशाय : ओत. मागच्या हिवाळ्यात एसेनबायने डोळा तपासला तेव्हा काय शब्द वापरला होता? तू होतीस ना बरोबर?

जिबेक : चेल.

कुमुशाय : चेल. "कुमुशाय, तुझ्या उजव्या डोळ्यावर चेल धरलीय, काढायला हवी." आणि मी काय म्हणाले?

जिबेक : "मी रोजच काढते."

कुमुशाय : आणि किती हसले! तो बिचारा मोतीबिंदूबद्दल बोलत होता आणि मी कांद्याबद्दल. कांद्याच्या पापुद्र्याला आपण चेल म्हणतो, डोळ्यावरच्या पडद्यालाही चेल म्हणतो, आणि माझ्यासारखी शिकलेली बाई मधल्या मध्ये विनोद करून घरी येते. त्या चेलीची सावली आहे ही. भिंगाचं छिद्र एवढंसं, त्यातून उजेड आत जातो आणि डोळ्यातल्या ढगाची सावली पाडतो. मी तिला कांद्यात बसवली, तिची लांबी मोजली, तिला नावही दिलं.

जिबेक : माझं.

कुमुशाय : तुझं. "जिबेक-तंतू". जिबेक म्हणजे रेशीम, आणि हा रेशमासारखा दिसतो म्हणून. माझ्या मोतीबिंदूला तुझं नाव लागलं गं, पोरी. तुझी आई ऐकेल तर मला दारात उभं करणार नाही.

जिबेक : आईने गावभर सांगितलंय, कांद्यात माझं नाव आहे म्हणून.

कुमुशाय : अरे देवा. थांब, थांब. मला दिसत होता, ते समजलं. तुला कसा दिसत होता?

जिबेक : चहा निवतोय, एजे.

कुमुशाय : आत्ता, चहाच्या आधी, तू "हो" म्हणालीस. "सवय झालीय" म्हणालीस.

जिबेक : सवय हो म्हणायची झाली होती, एजे.

कुमुशाय : तू चित्रं काढलीस त्याची! दुसऱ्या निरीक्षकाची चित्रं म्हणून निबंधाला जोडली आपण!

जिबेक : तुमच्या चित्रावरून काढली. वाकण जरा कमी दाखवलं, म्हणजे नक्कल वाटू नये.

कुमुशाय : मी त्यावर लिहिलंय, "निरीक्षकांमध्ये किरकोळ फरक आढळतो."

जिबेक : वाचलं मी. खूप वाईट वाटलं.

कुमुशाय : मग तोंड का उघडलं नाहीस?

जिबेक : कसं उघडू? "एजे" या शब्दापुढे "नाही" कसं जोडायचं, ते मला आजवर कुणी शिकवलेलं नाही. घरी एजेने, थोरल्या बहिणीने, दूध निळं आहे म्हटलं तर आम्ही निळं पितो. पहिल्या दिवशी तुम्ही विचारलंत, दिसला का, आणि मला वाटलं मलाच बघता येत नाही. दुसऱ्या दिवशी वाटलं, आज दिसेल. तिसऱ्या दिवशी तुम्ही त्याला माझं नाव दिलंत. त्यानंतर कुठल्या तोंडाने नाही म्हणणार?

कुमुशाय : खरंय. नावाने फास घट्ट बसवला. पण बाकीचे? संचालक ताश्तान-बायके, आपले थोरले भाऊ, खाली वाकून बघून गेले, तेही खोटं बोलले?

जिबेक : त्यांना दोन दिसले, एजे.

कुमुशाय : दोन! आठवलं. आणि मी म्हटलं, "व्वा, तुमची नजर अजून तरुण आहे."

जिबेक : हिशेब विभागातल्या बाकेन-एजेंना तो त्यांच्या सुनेच्या वेणीसारखा दिसला.

कुमुशाय : आणि ते अल्मातीचे प्राध्यापक?

जिबेक : ते म्हणाले, आमच्याकडच्या कांद्यात तर हा केव्हापासून आहे.

कुमुशाय : हसू नकोस. नाही, हस. हसच. सगळ्या खात्याने माझ्या डोळ्यात डोकावून बघितलं आणि माझा मान राखला. दुसऱ्या देशात पहिल्याच माणसाने सांगितलं असतं, बाई, डोळे तपासून घ्या. इथे माणसं इतकी सभ्य की मी या मोतीबिंदूसाठी परिषदेला चालले होते. ताश्कंदला कळव, निबंध मागे घेतला.

जिबेक : कारण काय लिहू?

कुमुशाय : लिही, "नमुना निरीक्षकाच्या ताब्यातून सोडवता आला नाही."

जिबेक : एजे!

कुमुशाय : बरं, "तांत्रिक कारण" लिही. जगातली सगळी लाज त्या दोन शब्दांत मावते. झालं. पुसून टाक ती काच आणि कांद्याची ठेव पुन्हा. काम पडलंय.

जिबेक : झालं कसं? डोळ्याचं काय?

कुमुशाय : डोळ्याचं काय? सावली कुठली ते आता ठाऊक झालं. उजवा कोपरा सोडून बघायचं. एका खोलीत भूत आहे म्हणून कुणी घर सोडत नाही.

जिबेक : एसेनबाय-बायकेंना तुम्ही वसंतातल्या नोरुझच्या सणानंतर येते म्हणाला होतात.

कुमुशाय : नोरुझनंतर ट्यूलिप फुलले. मी काय करू?

जिबेक : ट्यूलिप संपल्यावर?

कुमुशाय : नणंदेच्या मुलाचं लग्न. वधूच्या कानात डूल घालायचा मान माझा होता. पट्टी बांधलेल्या डोळ्याने घातले असते तर पोरीच्या नाकात गेले असते.

जिबेक : मग सूसामीरचा दौरा.

कुमुशाय : बघ, तूच सांगतेस. दौरा होता.

जिबेक : त्या दौऱ्यात तुम्ही गवताच्या एका जुडग्यापुढे उभं राहून विद्यार्थ्यांना रानकांद्यावर व्याख्यान दिलंत, एजे.

कुमुशाय : कोण म्हणतं गवत होतं?

जिबेक : मेंढ्या खात होत्या. सगळ्यांनी टिपून घेतलं.

कुमुशाय : टिपून घेतलं? हो म्हणजे, घेणारच. त्यांचीही एजेच मी. आज बरीच बोलायला लागलीस तू. एका दिवसात "नाही" शिकलीस की काय?

जिबेक : माफ करा.

कुमुशाय : माफी कसली. घाबरते गं मी. आता हसून झालंय, तर सांगून टाकते. उजवा डोळा हाच माझा कामाचा डोळा. डावा आहे तो माझ्या नवऱ्यासारखा, सगळीकडे सोबत येतो, कामाला हात लावत नाही. उजव्यावर सुरी लागली आणि काही बिघडलं, तर या खुर्चीवर मी बसणार कशाला? नेमप्लेट पुसायला? अर्धवट का होईना, दिसतंय ना, म्हणून ढकलत गेले. अर्धवट दिसणाऱ्याला आपल्याला अर्धवट दिसतं हे दिसत नाही, एवढी सोय देवाने करून ठेवलीय.

जिबेक : एजे, मला एक विचारायचं होतं. तंतूचं नाही. दुसरंच. आधीच विचारणार होते.

कुमुशाय : विचार.

जिबेक : या कांद्याच्या पेशीत स्फटिक आहेत ना, ते चौकोनी, काठ चमकणारे…

कुमुशाय : आहेतच. सगळ्या कांद्यांत असतात. प्रत्येक पेशीत एकेक विटेसारखा. मी लिहून ठेवलंय.

जिबेक : सूसामीरच्या कांद्यात ते एकेक नाहीत.

कुमुशाय : म्हणजे?

जिबेक : जोडीचे आहेत. एकातून एक निघालेले, फुलीसारखे. बाजारातल्या कांद्यात एकटे आणि या कांद्यात जवळजवळ सगळीकडे जोड्या. मला वाटलं मी चुकतेय, कारण तुमच्या चित्रात एकेकच आहे.

कुमुशाय : मला एकेकच दिसतात.

जिबेक : हो, एजे.

कुमुशाय : दिसलं तेच काढलं मी. काठ जरा पसरट वाटायचे. मला वाटायचं भिंग जुनं झालंय. फोटो आहे?

जिबेक : आहे. फोटोत स्पष्ट आलंय.

कुमुशाय : मोठा कर. अजून मोठा. नको, पडद्यावर नको. काचेत दाखव. ऊठ त्या स्टुलावरून आणि इथे बस.

जिबेक : तुमच्या खुर्चीवर?

कुमुशाय : खुर्ची चावत नाही. बस. जोडी शोध, मधोमध आण, आणि बाजूला हो. मी यावेळी डावा डोळा लावते.

जिबेक : डावा तुम्हाला जमेल?

कुमुशाय : त्याला आज पहिल्यांदाच काम सांगतेय. बघू काय करतो.

(कुमुशाय डावा डोळा भिंगाला लावते आणि बराच वेळ तशीच वाकून राहते.)

जिबेक : एजे, पाठ दुखेल.

कुमुशाय : फुली आहे.

जिबेक : दिसली?

कुमुशाय : आधी नुसता धूर होता. मग काठ आले. दोन. एकमेकांतून गेलेले. किती नीटस आहेत गं. आणि शेजारच्या पेशीतही. इथेही. ही सगळी माझ्या समोर होती आणि मी त्यांना विटा म्हणत होते.

जिबेक : तंतूचं एवढं मनाला लावून घेऊ नका.

कुमुशाय : तंतूचं काही नाही. नसलेलं दिसलं, त्याचं हसू तरी येतं. असलेलं दिसलं नाही, याचं काय करायचं? हा कांदा वेगळा असेल, जिबेक. बाजारातल्यापासून तर वेगळा आहेच, पण डोंगरातल्या बाकीच्या भाऊबंदांपासूनही असेल. ते बघावं लागेल, प्रत्येक दरीतला आणून. आणि हे तू पाहिलंस. कधी पाहिलंस?

जिबेक : तंतू शोधत होते तेव्हा. तो सापडेना, म्हणून सगळी पेशी नीट बघून काढली.

कुमुशाय : म्हणजे माझा मोतीबिंदू अगदीच वाया गेला नाही. फोन दे इकडे. नको, तूच लाव, मला आकडे दिसत नाहीत. आता उघडच सांगते, गेले सहा महिने दिसत नाहीत. आवाज मोठा कर, तूही ऐक.

जिबेक : लागला. बायके, मी जिबेक. एजेंना बोलायचंय.

एसेनबाय : आज काय निघालं? कुणाचं लग्न?

कुमुशाय : लग्न नाही. ती चेल कधी काढतोस?

एसेनबाय : कांद्याची की डोळ्याची?

कुमुशाय : शाळेत माझ्या वहीतून उत्तरं उतरवायचास, आता विनोदही माझेच वापरतोस? डोळ्याची.

एसेनबाय : कुमुशाय, खरं बोलतेस? सोमवारी ये. उपाशी ये. आणि मागच्या वेळी विचारलं होतं त्याचं उत्तर घेऊन ये. मी प्रश्न विचारला आणि तू डोक्याला रुमाल बांधून निघून गेलीस.

जिबेक : कुठला प्रश्न, एजे?

कुमुशाय : मोतीबिंदू काढला की आत नवं भिंग बसवतात. एकतर जवळचं बसवतात नाहीतर दूरचं. दोन्ही एकदम नाही. उरलेल्याला चष्मा लागणारच.

एसेनबाय : जवळचं घेतलंस तर वाचशील, लिहिशील, सुई ओवशील.

कुमुशाय : सुई मी जन्मात ओवली नाही. आधी सासू ओवायची, आता तिचा मुलगा ओवतो.

जिबेक : पण एजे, काम? मायक्रोस्कोपसाठी जवळचंच लागेल ना?

एसेनबाय : मायक्रोस्कोपचं मला सांगू नका. ती फोकसची चकती थोडी फिरवली की दोन्हीत जुळतं, तुझ्या एजेला ते माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. तिने तेच कारण पुढे करून वर्ष काढलं. मी बाकीच्या दिवसाचं विचारतोय. कुमुशाय, सकाळी उठल्यावर तुला चष्म्याशिवाय काय दिसायला हवं? टेबल की डोंगर?

कुमुशाय : टेबलच म्हणणार होते. इतकी वर्षं टेबलच बघितलं. टेबल सोडलं तर मी कोण, हे मला सांगता येईना, म्हणून रुमाल बांधून निघाले.

एसेनबाय : मग टेबल लिहू?

कुमुशाय : थांब जरा. जिबेक, तू उठलीस कशाला? बस खाली.

जिबेक : तुमची खुर्ची आहे, एजे.

कुमुशाय : उद्यापासून तूच बसायचंस तिच्यात. जोड्या मोज, चित्रं काढ, आणि माझ्या चित्रावरून काढलीस तर बघ. पलीकडच्या उतारावर कांदा फुललाय की मेंढ्यांनी गवत खाल्लंय, ते मी बघेन. तुला कांदा कुणीतरी आणून द्यायला हवाच ना, दरीदरीतून.

जिबेक : एजे, मी एकटीने…

एसेनबाय : अगं, बाहेर पेशंट बसलेत. काय लिहू?

कुमुशाय : जवळचं बघायला इथे एक जण आहे, एसेनबाय. मला दूरचं बसव.